पालथा घातलेला डबा

हेमचंद्र पेंढरकरांनी उभ्या जन्मात एक चिमणीसुद्धा मारली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मराठी मंडळींनी त्यांच्याविषयी जे काय उठवलं होतं ते ऐकलंत तर वाटेल, पेंढरकर म्हणजे कुणी संस्थानिकच, सकाळी उठून मिशीला पीळ देत शिकारीला निघणारे. अहो, त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. पण त्यांच्या तळघरात बंदुकीची काडतुसं भरली जायची हे मात्र खरं, आणि ती ते स्वतःच्या हातानं भरायचे. एका गणपतीत आरतीला आलेल्या कुणा शहाण्यानं बाथरूम शोधताना तळघराचं दार उघडलं, आणि झालं! तेव्हापासून पोरंटोरं त्यांना बंदूककाका म्हणू लागली. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायलाही माणसाला फुरसत लागते.

माणूस मूळचा मिरजेचा. धातुशास्त्र शिकायला अडुसष्ट साली इथल्या युनिव्हर्सिटीत आला, शिकून झाल्यावर जवळच्याच एका गावात पितळेच्या कांबी ओढणाऱ्या कारखान्यात चिकटला, आणि थेट दोन हजार एक साली तिथूनच रिटायर झाला. हल्लीची व्हिसावरची पोरं दर दोन वर्षांनी नोकरी बदलतात, त्यांना याचं फार नवल वाटायचं. पेंढरकरांचा एकच गुण म्हणा की खोड म्हणा, तोलल्यामापल्याशिवाय काही करायचं नाही. चहाची पावडर घालतानासुद्धा चमचा बोटानं सपाट करून घ्यायचे. त्यांच्या बायकोचं, नीलाताईंचं, ठरलेलं वाक्य होतं की ह्यांना आमटीत मीठ घालायला सांगितलं तर हे आधी तराजू आणतील, आणि तोवर आमटी आटून जाईल.

या तराजूवाल्या माणसाची दोस्ती जडली ती मर्ल स्टोव्हरशी. मर्ल त्याच कारखान्यात लेथवर होता. उंच, अबोल, हाताचे पंजे सुपाएवढे. पेंढरकरांच्या कारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून खड्ड्यात गेली, तेव्हा मर्लनं घरून ट्रॅक्टर आणून ती बाहेर ओढली आणि वर यांना घरी नेऊन सूप पाजलं. यांनी विचारलं, सूप कशाचं आहे? कोंबडीचं म्हटल्यावर बिचारे वाटी हातात धरून नुसतेच बसले. मर्ल उठला, पाव आणि सफरचंदाचा घट्ट मुरंबा पुढे ठेवला. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यानं ते लक्षात ठेवलं. आपल्यातले किती जण एवढं लक्षात ठेवतात?

मर्लचं जवळच्याच पेन्स व्हॅलीत शेत होतं आणि शेतात तळं. थंडीच्या सुरुवातीला त्या तळ्यावर काळ्या मानेचे मोठमोठे रानहंस उतरायचे. मर्लचा बाप त्याला लहानपणी तिथे गवतात घेऊन बसायचा, दुनळी बंदूक मांडीवर ठेवून. बाप गेला, बंदूक राहिली. त्या बंदुकीला हात लावला की मर्ल थोडा कमी अबोल व्हायचा. मग सरकारनं कायदा केला की पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे उडवायचे नाहीत. कायदा बरोबरच होता. छर्रे तळ्याच्या बुडाशी पडून राहतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि शिसं अंगात भिनून तडफडून मरतात. शिशाऐवजी पोलादाचे छर्रे आले. पण पोलाद पडलं कडक, आणि ती दुनळी शंभर वर्षांची, मऊ लोखंडाची. तोंडाशी नळी किंचित निमुळती असते, तिथून शिसं दबून निघून जातं. पोलाद दबत नाही, ते नळीलाच फाकवतं. मर्लनं बंदूक भिंतीवर टांगली आणि हंसांकडे नुसतं बघायला लागला. नवी घे, असं त्याच्या जावयानं सांगून पाहिलं. मर्ल म्हणाला, नवी बंदूक मिळेल रे, पण तिच्याबरोबर मी गवतात एकटाच बसेन.

पेंढरकरांनी हे ऐकून ठेवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी शोधाशोध केली आणि उत्तर सापडलं, बिस्मथ. जवळजवळ शिशाइतका जड, पोलादाहून कितीतरी मऊ धातू, पण विषारी नाही. कायद्यालाही चालतो आणि म्हाताऱ्या नळीलाही. तयार काडतुसं महाग मिळत, म्हणून ठरलं की छर्रे आणायचे आणि काडतुसं घरी भरायची. मर्लच्या तळघरात ओल यायची, ओलीनं बंदुकीची दारू खराब होते, म्हणून मर्लचं काडतुसं भरायचं दाबयंत्र पेंढरकरांच्या तळघरात आलं. उडवलेलं रिकामं काडतूस घ्यायचं, बुडाची, बार पेटवणारी जळकी टोपी काढून नवी बसवायची, तोलून दारू घालायची, वर प्लास्टिकची वाटी दाबायची, तीत तोलून छर्रे ओतायचे, आणि शेवटी काडतुसाचं तोंड कळ्या पाडून मिटायचं, मोदकासारखं. नीलाताई एकदा जिन्यावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "तीस वर्षं गणपतीला मोदक वळायला बसवलं तर तुम्हाला एक कळी धड पडली नाही. इथे बरं जमतंय!"

पाखरं मारायच्या कामाला त्यांचा विरोध होता, पण विष नसलेले छर्रे म्हटल्यावर थोड्या निवळल्या. मारायचंच असेल तर निदान न मारलेल्यांना तरी विष नको, एवढं त्यांना पटलं. मग त्यांनीच दोन स्टीलचे डबे काढून दिले. एकात बिस्मथ, दुसऱ्यात पोलाद, कारण मर्लच्या जावयाच्या नव्या बंदुकीसाठी पोलादाची काडतुसंही तिथेच भरली जात. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या त्याही नीलाताईंनीच, आपल्या गोल, ठसठशीत मराठी अक्षरात. दोन्ही छर्रे दिसायला जवळजवळ सारखे. राखाडी, मोहरीहून थोडे मोठे. नीलाताईंच्या घरात डब्यात डबा कधी मिसळायचा नाही. बारीक रवा वेगळा, जाडा वेगळा, अंधारात हात घालून सांगतील. त्यामुळे पेंढरकर निर्धास्त होते.

मोसम सुरू झाला की भल्या सकाळी दोघे मित्र तळ्याकाठी गवतात बसायचे. मर्लच्या मांडीवर दुनळी, पेंढरकरांच्या मांडीवर नीलाताईंच्या आल्याच्या चहाचा थर्मास. मर्ल दिवसाकाठी एखाददुसरा हंस टिपायचा, कधी तोही नाही. बार झाला की पेंढरकर डोळे मिटून घ्यायचे. मर्लला ते माहीत होतं आणि तो तिकडे बघायचा नाही. अशी तीन वर्षं गेली, आणि पेंढरकर म्हणायचे की माझं रिटायर होणं सार्थकी लागलं.

दोन हजार पाच सालची दिवाळी आली. नीलाताईंनी नेहमीसारखी साफसफाई काढली. त्या वर्षी चकल्या तेलात विरघळल्या, अनारशाचं पीठ करायचं राहूनच गेलं, आमटीत दोनदा मीठ पडलं. पेंढरकर म्हणाले, वय झालं, त्यात काय. पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला असलेल्या लेकीशी, सावनीशी, फोनवर बोलताना त्या तिला आपल्या धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या, नावानं हाका मारू लागल्या. यावर पेंढरकर म्हणाले, शोभाची आठवण येत असेल. माणसाला जे बघायचं नसतं ते अगदी नाकासमोर ठेवलं तरी दिसत नाही. आणि ज्यानं जन्मभर कणाकणाचं वजन केलं, त्यानं या सगळ्याचं वजन करायचं मात्र टाळलं.

हंसांचा मोसम उद्यावर आला होता. पेंढरकर दुपारी तळघरात काडतुसं भरत बसले. बिस्मथचा डबा जरा जास्तच भरलेला वाटला खरा. मर्लनं आणखी आणून ओतले असतील असं मनात येऊन गेलं. पाच-सहा काडतुसांत दारू घालून झाली असेल नसेल, वरून जळकट वास आला. धावत वर गेले तर कढईत फोडणीचा कोळसा, स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि मागचं दार सताड उघडं. नीलाताई अंगणात, थंडीत, अनवाणी उभ्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, कोथिंबीर खुडायला आले होते. नोव्हेंबरात, पेनसिल्व्हेनियात, कोथिंबीर! त्यांनी हात धरून आत आणलं, पाय चोळले, चहा करून दिला. मग त्यांना टीव्हीसमोर बसवून उरलेली काडतुसं उरकायला खाली गेले. सगळा जीव वरच्या खोलीत. पहिल्यांदाच त्यांनी छर्रे तोलले नाहीत, मापट्यानं घातले आणि तोंडं मिटली. संध्याकाळी मर्ल आला आणि खोकं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी नीलाताईंना घरी सोडवेना म्हणून पेंढरकर तळ्यावर गेले नाहीत. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मर्ल स्वयंपाकघराच्या दारानं आत आला. हातात फडक्यात गुंडाळलेली बंदूक होती. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. डाव्या नळीच्या तोंडापाशी, बोटात अंगठी असावी तसा, चहूबाजूंनी फुगवटा आला होता. मर्लनं खिशातून एक काडतूस काढलं, चाकूनं कापलं, छर्रे बशीत ओतले. मग दुसऱ्या खिशातून लोहचुंबक काढला आणि बशीवर धरला. अर्धे छर्रे टुणकन उडून त्याला चिकटले. बिस्मथ चुंबकाला चिकटत नाही, हे त्या घरात कुणालाही सांगायची गरज नव्हती.

"बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवली," मर्ल म्हणाला. "तो म्हणतो, भिंतीवर टांग. पुन्हा उडवू नकोस."

पेंढरकर उठले. आलोच, म्हणून ते जिना उतरून तळघरात गेले. फळीवर बिस्मथचा डबा होता. पोलादाचा नव्हता. मग दिवा लावून नीट पाहिलं, तर तो कोपऱ्यातल्या कपाटावर होता. घासून लख्ख केलेला, धुऊन, जुन्या फडक्यावर पालथा घातलेला. चिठ्ठी खरवडून काढलेली, आणि तिच्या जागी नवी, पातळ पोहे. अक्षर नीलाताईंचंच, पण खाली उतरत गेलेलं, ओळ सोडून भरकटलेलं.

दिवाळीच्या साफसफाईत काय झालं ते त्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळलं. दोन अर्धे डबे दिसले की आपल्या बायका काय करतात? एकात ओततात, रिकामा घासतात, पालथा घालतात. कुठल्याही घरात हेच. पण नीलाच्या घरात नाही! बारीक रवा आणि जाडा रवा अंधारात ओळखणारी नीला, स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिलेला डबा दुसऱ्यात ओतते, आणि तिला ते कळतही नाही! चकल्या, मीठ, शोभाचं नाव, कोथिंबीर, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. बंदुकीचं दुःख त्या क्षणी त्यांना आठवलंसुद्धा नाही. आपली बायको आपल्या हातातून निसटायला लागली आहे, एवढंच त्यांना कळलं.

वर नीलाताई मर्लला चहा देत होत्या. याच आठवड्यात तो येऊन गेला होता, तरी म्हणत होत्या, किती महिन्यांनी आलास.

"दोन डबे एक कुणी केले, हेम?" मर्लनं विचारलं.

पेंढरकरांनी नीलाताईंकडे पाहिलं. त्या बशीखाली रुमाल सरळ करत होत्या. बोलले असते तर बोलता आलं असतं. मर्ल काही परका नव्हता, समजून घेतलं असतं त्यानं. पण मग दर वेळी तो नीलाकडे कसा बघेल? हळू बोलेल, सावकाश बोलेल, गोड बोलेल, वेड्याशी बोलतात तसं. आणि नीलाला आत्ता, इथे, सगळ्यांदेखत कळेल.

"मीच," ते म्हणाले. "लक्ष नव्हतं माझं."

"तू?"

"मी."

यावर नीलाताई हसल्या. "हे असेच आहेत, मर्ल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, अर्धे-अर्धे डबे ठेवू नका, घोळ होतो."

मर्लनं बंदूक पुन्हा फडक्यात गुंडाळली. सावकाश, कोपरे जुळवून. चहाला हात लावला नाही.

"बापाची बंदूक गेली ती गेली," तो म्हणाला. "पण जगात एक माणूस तरी तोलून करतो, असं मला वाटत होतं."

तो गेला तो गेलाच. त्या नाताळात त्याच्याकडून दरवर्षीची मेपलच्या पाकाची बाटली आली नाही. पेंढरकरांनी दोनदा फोन केला, दोन्हीदा मर्लच्या मुलीनं घेतला आणि बाबा कोठारात आहेत म्हणाली. तिसऱ्यांदा करायचा धीर झाला नाही. करून सांगणार काय? खरं सांगायचं नव्हतं आणि खोट्यानं काही जुळणार नव्हतं. तळ्यावरून हंस ओरडत जायचे ते गावातही ऐकू यायचं. मग ते खिडकी लावून घ्यायचे. हा माणूस कुणापुढे रडला नाही, पण नीलाताई झोपल्या की गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायचा, काचा वर करून. शेजारच्या पद्मिनीबाईंनी एकदा पाहिलं आणि आपल्या स्वभावाविरुद्ध कुणाला सांगितलं नाही.

सावनी फोनवर मागेच लागली. बाबा, समथिंग इज राँग, तुम्ही लपवताय. हे म्हणायचे, तिची झोप झाली नाही, तिला सर्दी आहे, तिचा उपास आहे. शेवटी ती विमानानं येऊन थडकली आणि आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पेंढरकरांनी ते नाव घरात कधी उच्चारलं नाही. सावनी म्हणाली, आमच्याकडे चला, इकडे चांगली सोय आहे. ते म्हणाले, तिला इथले डबे माहीत आहेत. त्यावर सावनी रडली आणि परत गेली.

मिसळलेल्या छर्‍यांचा डबा तळघरात तसाच पडून होता. टाकवेना. एका सकाळी त्यांनी तो वर आणला, एका ताटात ओतला, आणि चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलाद वेगळं करायला बसले. नीलाताई शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे. पुरुषांना निवडायचं काय कळतंय!" त्यांनी ताट पुढ्यात ओढलं. चुंबक फिरवायचा, चिकटलेलं एका वाटीत झटकायचं, उरलेलं बोटानं दुसऱ्या वाटीत सारायचं. तांदूळ निवडायला बसल्यासारख्या बसल्या, पाठ ताठ, चेहरा शांत. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचे हात इतके स्थिर दिसले नव्हते. पेंढरकर बघतच राहिले. त्यांना वाटलं, परत आली.

निवडून झालं. नीलाताईंनी दोन वाट्यांकडे पाहिलं. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या. त्यांनी एक उचलली, दुसरीत ओतली, रिकामी नळाखाली घासली आणि ओट्यावर पालथी घातली.

"अगं, पुन्हा?" ते ओरडले.

नीलाताईंचा चेहरा एकदम पडला. काय चुकलं ते त्यांना कळलं नाही, काहीतरी चुकलं एवढंच कळलं. लहान मूल मार चुकवायला मागे सरतं तशा त्या ओट्याला टेकून मागे सरल्या. पेंढरकरांना आपली जीभ झडली असती तर बरं, असं झालं. ते पुन्हा कधी आवाज चढवून बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ताट मांडलं, आणि रोज मांडायला लागले. रोज त्या निवडायच्या, रोज एक करायच्या, वाटी घासायच्या. सकाळ बरी जायची.

एकदा त्यांनी मेथीदाणे समजून चिमूटभर छर्रे तोंडात टाकले. पेंढरकरांनी बोट घालून एकेक बाहेर काढला. मनात म्हणत होते, शिसं नाही, देवा, शिसं नाही. बदकांसाठी केलेला कायदा असा आपल्या ताटाशी कामाला येईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हळूहळू नीलाताईंचं इंग्रजी गेलं. मग माणसं जाऊ लागली. आधी शेजारी, मग मंडळातल्या बायका, मग सावनीचा फोटो. पेंढरकर सकाळी उठून त्यांची वेणी घालायला शिकले. आंघोळ घालायला शिकले. कुणी मदतीला बाई ठेवा म्हटलं की म्हणायचे, तिला परक्याचा हात चालत नाही. काही सकाळी तर त्यांचाच हात परका असायचा, पण ते कुणाला सांगत नसत.

दोन हजार सात सालचा हंसांचा मोसम जवळ आला तेव्हा मर्लचा फोन आला. दोन वाक्यं. जावयाला दाबयंत्र हवंय, शनिवारी येऊन घेऊन जातो. पेंढरकर म्हणाले, ये. 

शनिवारी मर्ल समोरच्या दारानं आला. पस्तीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारानं येणारा माणूस, बेल वाजवून, टोपी काढून उभा राहिला. म्हातारा झाला होता. तळघराची वाट स्वयंपाकघरातून होती, म्हणून दोघे तिथून निघाले, आणि मर्ल थबकला. टेबलाशी नीलाताई बसल्या होत्या. अंगात पेंढरकरांचा स्वेटर, बटणं एक सोडून एक लावलेली. पुढ्यात ताट, हातात चुंबक. त्यांनी वर पाहिलं नाही. मर्लनं हॅलो म्हटलं, त्याचं उत्तर आलं नाही. तो तसाच उभा राहून बघू लागला, आणि पेंढरकरांना त्याला पुढे चल म्हणवेना.

ताट रिकामं झालं. दोन वाट्या, अर्ध्या-अर्ध्या. नीलाताईंनी एक उचलली, दुसरीत ओतली. उठल्या, रिकामी वाटी नळाखाली धरली, आतून बाहेरून घासली, निथळली, आणि फडक्यावर पालथी घातली.

मर्लनं त्या वाटीकडे पाहिलं. मग टेबलावरच्या राखाडी ढिगाकडे. मग पेंढरकरांकडे. 

"तेव्हापासून?"

"त्याच्या आधीपासून असेल," पेंढरकर म्हणाले.

"आणि मला बोलला नाहीस. हेम, दोन वर्षं."

"तिच्या हातून चूक झाली, असं मी कधी कुणापुढे बोललो नाही रे. लग्न झाल्यापासून नाही. तेव्हाच कसं बोलणार होतो?"

मर्लनं खुर्ची ओढली आणि धपकन बसला. टोपीनं तोंड पुसलं. टोपी बराच वेळ तोंडावरच राहिली, आणि त्याचे रुंद खांदे हलत होते. पेंढरकर त्याच्यामागे उभे राहिले. खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांना कळेना, शेवटी ठेवला. मर्लनं टोपी खाली घेतली, वाटीतले छर्रे ताटात ओतले, चुंबक उचलला आणि सावकाश फिरवू लागला.

नीलाताई ओट्याशी हात पुसत वळल्या. आपल्या टेबलाशी दोन म्हातारे पुरुष पाहून क्षणभर गोंधळल्या, मग घरी पाहुणे आल्यावर यजमानीण हसते तशा हसल्या. दोघांकडेही सारख्याच परकेपणानं बघत, अगदी आदबीनं, मराठीत म्हणाल्या,

"बसा ना. आमचे हे खाली तळघरात आहेत, वजन करत बसलेत. त्यांना वेळ लागतो, तोलल्याशिवाय करत नाहीत काही. येतीलच आता. भेटल्याशिवाय जाऊ नका."

आणि त्या चहाचं आधण ठेवायला वळल्या. पेंढरकर पुढे झाले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या नकळत गॅसचं बटण बंद केलं.

"काय म्हणाली?" मर्लनं विचारलं.

"बसा म्हणते," पेंढरकर म्हणाले, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.